अमेरिकेचा डेक, पलूसची पुली

मामांच्या स्पूलवरचा तानपुरा खाली उतरला होता. चांगला तीन पट्ट्यांनी.

मामांनी पूर्वी किर्लोस्करवाडीतल्या घरगुती बैठका आणि मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला होणारं गाणं ग्रुंडिगच्या टेपरेकॉर्डरवर भरून ठेवलं होतं. तो टेपरेकॉर्डर गेला, स्पूल राहिले. ते ऐकायचे म्हणून मावसभावाने अमेरिकेतून एक जुना जपानी डेक आणून दिला. ट्रान्सफॉर्मर लावला, बटण दाबलं, तर सा ऐकू आला तो मंद्र धैवताच्या जागी.

कारण सरळ होतं. डेकची मोटर तिकडच्या ६० सायकलच्या विजेसाठी केलेली, आपली वीज ५० सायकलची. मोटरचे फेरे सायकलवर ठरतात, म्हणून वेग पाच षष्ठांश झाला. सेकंदाला १९ सेंटिमीटर जायची ती टेपची पट्टी १६ जायला लागली आणि ३२ मिनिटांचा स्पूल ३८ मिनिटं पुरायला लागला. सा आणि त्याच्या खालचा शुद्ध धैवत यांचं प्रमाणही सहाला पाच असंच आहे. गायक विष्णु दिगंबर पलुसकरांचा जन्म १८७२ सालचा कुरुंदवाडचा. पण पलुसकर हे नाव आमच्या पलूस गावचं. त्या गावात बसून सा ऐवजी ध ऐकायचा, हे काही बरं दिसेना.

जाणकारांनी ६० सायकलची वीज करून देणारं यंत्र घ्यायला सांगितलं. मला ते पटलं नाही. पलूसला लेथला तोटा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली शेजारी किर्लोस्करवाडीत कारखाना काढला तेव्हापासून या भागात लोखंड कातणं चालू आहे. मोटरवरची पुली एक पंचमांशाने मोठी केली की काम झालं.

वर्कशॉपमधल्या मिस्त्रींनी ती बोटभर पुली उलटसुलट बघितली.

"पंपाचं काम दिसत नाही हे. आउट किती चालंल?"

"अजिबात नको. पुली आउट फिरली की आवाज हेलकावतो."

"अजिबात असं काय नसतंय ओ. मायक्रॉनमध्ये सांगा."

पण खरा हिशेब त्या पुलीवरून फिरणाऱ्या पट्ट्यानेच शिकवला. सपाट पट्टा पुलीवरून वळतो तेव्हा वेग नुसत्या पुलीच्या व्यासावर ठरत नाही, पट्ट्याची जाडीही त्यात धरावी लागते. पुली १० मिलिमीटर आणि पट्टा अर्धा मिलिमीटर असेल, तर नवी पुली १२ नव्हे, १२.१ हवी. मिस्त्रींनी पितळेचा तुकडा घेतला आणि भोक आणि बाहेरचा घेर एकाच पकडीत कातला. काम सोडवून पुन्हा पकडलं की केंद्र हललंच म्हणून समजा. पट्टा मध्यावर राहावा म्हणून घेराला किंचित पोट ठेवलं. वर डायल लावून दाखवला. काटा जेमतेम थरथरला.

मोटर ५० सायकलवर जास्त तापते, म्हणून ट्रान्सफॉर्मरला १०० व्होल्टचा टॅप काढून घेतला. वाळलेले कपॅसिटर बदलले, हेड स्पिरिटने पुसलं. या गोष्टी कुठल्याही जुन्या यंत्राला लागतातच.

वेगळी गंमत उजव्या स्पीकरची. मामांच्या टेपरेकॉर्डरवर पट्टीची अर्धी रुंदी एका बाजूला आणि अर्धी दुसऱ्या बाजूला भरली जायची. माझ्या डेकचं हेड पाव रुंदीचं, स्टिरिओचं. त्यामुळे डावीकडे ख्याल सुरू असताना उजवीकडून दुसऱ्या बाजूचं गाणं उलटं वाजायचं, तबल्यासकट! एक स्विच बसवून डावी वाट दोन्ही स्पीकरना जोडली. मग त्या जुन्या ध्वनिमुद्रणावरच कान धरून हेडचा स्क्रू केसभर फिरवत गेलो. तानपुऱ्याची जवारी उघडली तिथे थांबलो.

माझं मत विचाराल तर लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या महागड्या कपॅसिटरांनी रुपयात चार आणे फरक पडला. उरलेले बारा आणे पुलीचे आणि त्या स्क्रूचे. आधी वेग आणि हेड बघावं, सर्किटचं नंतर.

तुमच्या माळ्यावर स्पूल असतील तर एक करा. वाजवण्याआधी डबी उघडून वास घ्या. आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर ती अ‍ॅसिटेटची पट्टी विरायला लागली आहे. ती बाकीच्या स्पूलांपासून वेगळी ठेवा, जाणत्या माणसाकडून तिची डिजिटल प्रत सगळ्यात आधी करून घ्या, आणि तोपर्यंत ती डेकवर चढवू नका.