तपकिरी डीएनए

डीएनए पांढरा असतो, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. सोलापूरच्या प्रयोगशाळेत डाळिंबाच्या पानातून तो पहिल्यांदा काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या नळीत मात्र तळाशी बहुतेकदा तपकिरी गाठ बसलेली असते. ती नीट विरघळत नाही, पिपेटच्या टिपला चिकटते आणि ओढली तर पाकासारखी तार धरते. तिच्यात डीएनए असतोच, पण त्याचा हात धरून पानातलं बाकीचंही बरंच काही आलेलं असतं. डाळिंबावर काम करणाऱ्यांचं सगळं कसब या बाकीच्याला बाहेर ठेवण्यात खर्ची पडतं.

हे बाकीचं म्हणजे टॅनिन, त्याच्या जातकुळीतली इतर पॉलिफेनॉल आणि चिकट बहुशर्करा. डाळिंबाच्या सालीतलं टॅनिन सुतावर रंग धरून ठेवतं, म्हणून जुने रंगारी ही साल वापरत आले. पान झाडावर असतं तोवर ही द्रव्यं पेशीत वेगळ्या कप्प्यात असतात. पान वाटलं की कप्पे फुटतात, हवा लागते, द्रव्यं काळवंडतात आणि डीएनएला घट्ट चिकटतात. चिरलेलं वांगं काळं पडतं ते याच क्रियेमुळे. वांगं पाण्यात टाकलं की निभतं, पानाचं एवढ्यावर भागत नाही.

सोलापूरला या कामाची गरज का पडली, याचं उत्तर सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याच्या बागांत आहे. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत तेल्याने डाळिंबाच्या बागा उद्ध्वस्त करायला सुरुवात केली. झँथोमोनास कुळातल्या जिवाणूमुळे होणारा हा रोग. पानावर आधी तेलकट, पाणथळ ठिपका पडतो, फळावर काळा डाग येतो आणि मग फळ तडकतं. भारतात तो १९५२ मध्येच नोंदवला गेला होता, पण तेव्हा त्याची दहशत नव्हती. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ मध्ये सोलापुरात सुरू झालं. आज ते पुणे रस्त्यावर केगावला आहे.

तेल्याची पंचाईत अशी, की बाहेरून निरोगी दिसणाऱ्या रोपातही जिवाणू दडून असू शकतो. डाळिंबाची लागवड मुख्यतः गुटी कलमाने होते, म्हणजे मातृवृक्षात जे असेल ते रोपाबरोबर नव्या बागेत जातं. रोपं विकण्याआधी पीसीआरने जिवाणूचा डीएनए शोधता येतो. पण नळीत टॅनिन राहिलं असेल तर ते पीसीआरमध्ये डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पॉलिमरेज या विकरालाच थोपवतं. जिवाणू असूनही निकालाची पट्टी उमटत नाही आणि अहवालात ‘आढळला नाही’ असं लिहिलं जातं. म्हणून जाणता माणूस त्याच नळीत झाडाच्या स्वतःच्या एखाद्या जनुकाचीही चाचणी लावतो. ती पट्टी आली नाही तर दोष अशुद्ध नमुन्याचा, रोप निरोगी असल्याचा तो पुरावा नव्हे. अशा वेळी नमुना दहापट पातळ करून पाहिला, तर अडथळा इतका विरतो की पट्टी दिसू लागते. कमी डीएनए घालून जास्त उत्तर मिळतं, हे नवख्याला पटवून द्यायला वेळ लागतो.

वनस्पतींसाठी सगळीकडे चालते ती सीटॅबची पद्धत. सीटॅब हा एक प्रकारचा साबणच. मरे आणि थॉम्पसन यांनी १९८० मध्ये ती मांडली, जेफ आणि जेन डॉयल यांनी १९८७ मध्ये तिला आजचं रूप दिलं. डॉयल यांचा तो छोटा लेख एका फारशा कुणी न पाहिलेल्या नियतकालिकात आला होता. त्याचा संदर्भ हजारो संशोधकांनी दिला. मूळ अंक किती जणांनी उघडला असेल, ही शंका घ्यायला हरकत नाही.

कोवळं पान घ्यायचं, हा पहिला नियम. जून पानात टॅनिन जास्त आणि ते वाटायलाही त्रास देतं. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये पान काचेसारखं कडक होतं, खलात त्याची पूड होते आणि ती वितळायच्या आत ६५ अंशांच्या सीटॅब द्रावणात जायला हवी. या दोन टोकांच्या मधे रेंगाळलेली पूडच तपकिरी होते. द्रावणात पीव्हीपी असतं, ते पॉलिफेनॉलला पकडून ठेवतं. मर्कॅप्टोइथेनॉल काळवंडणं रोखतं, आणि त्याच्या वासाने शेजारची खोलीही नाक मुरडते. भरपूर मीठ बहुशर्करांना द्रावणातच ठेवतं. थंडीत, साधारण १५ अंशांच्या खाली, सीटॅबचा साका बसतो. म्हणून हे सगळं ऊबेतच करायचं. सोलापूरच्या उन्हाळ्याचा या धंद्याला झालेला बहुधा हा एकमेव फायदा.

मग क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल, २४ भागांना एक. सेंट्रिफ्यूजमधून नळी बाहेर येते ती तीन थरांची: खाली हिरवट क्लोरोफॉर्म, मधे प्रथिनांची पांढरी साय आणि वर डीएनए असलेलं पाणी. वरचं सगळं पाणी घ्यायचा मोह होतो. तो आवरावा, कारण शेवटच्या थेंबांबरोबर साय येते. पुढे थंड आयसोप्रोपॅनॉल, ७० टक्के अल्कोहोलची धुलाई आणि गाठ वाळवणं. मे महिन्यात ती बघता बघता वाळते. फार वाळली तर विरघळत नाही, म्हणून नजर हटवायची नाही.

शुद्धता प्रकाशशोषणावरून कळते. २६० आणि २८० नॅनोमीटरचं गुणोत्तर १.८ च्या आसपास आलं की लोक खूश होतात. डाळिंबात खरी परीक्षा २६० आणि २३० च्या गुणोत्तराची, कारण शर्करा आणि फेनॉल तिथे उघडे पडतात. ते दोनच्या खूप खाली असेल तर १.८ च्या आकड्याला काही अर्थ नाही.

काढलेला डीएनए साध्या पाण्यात ठेवू नये. त्याला टीई द्रावण हवं: ट्रिस आम्लता सांभाळतं, ईडीटीए मॅग्नेशियम पकडून ठेवतं, आणि मॅग्नेशियमशिवाय डीएनए कापणारी विकरं लुळी पडतात. मोठा साठा एकाच नळीत न ठेवता छोट्या वाट्यांत विभागायचा, कारण पुन्हा पुन्हा गोठवण्या-वितळवण्याने लांब साखळ्या तुटतात. उणे २० अंशांचा फ्रीझर पुरतो, पण स्वतःहून बर्फ वितळवणारा घरगुती फ्रिज नको. आरएनएचं तंत्र वेगळं. त्याला कापणारी विकरं माणसाच्या कातडीवरही असतात आणि उकळूनही पुरती मरत नाहीत. त्याला उणे ८० च लागतं. पारा ४० च्या पुढे गेलेला आणि वीज गेलेली असताना त्या फ्रीझरचं दार उघडणं हा गुन्हाच समजावा.

उष्णता डीएनएचं काय करते, याचा महाराष्ट्राशी जोडलेला एक मोठा दाखला आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी हरियाणातल्या राखीगढीच्या हडप्पाकालीन दफनांमधले साठाहून अधिक नमुने तपासले. अभ्यासण्याजोगा डीएनए फक्त एका व्यक्तीचा मिळाला. तो शोधनिबंध २०१९ मध्ये ‘सेल’मध्ये आला. उलट ग्रीनलँडच्या गोठलेल्या मातीतून सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा डीएनए २०२२ मध्ये वाचला गेला.

मात्र फ्रीझरमधल्या डीएनएपासून झाड उगवत नाही. भगवा हा वाण शेंदरी, अष्टगंधा, मस्तानी अशा निरनिराळ्या नावांनी बागांत फिरतो. कुठलं नाव कुठल्या वाणाचं, याचा निवाडा डीएनए करू शकतो, वाण टिकवू शकत नाही. बी लावलं तर तोच वाण येत नाही, त्यामुळे वाणांचा खरा साठा शेतात उभ्या झाडांचाच. नळीवरचं लेबल पुसलं गेलं, तर आतला कितीही शुद्ध डीएनए कुठल्या झाडाचा हे कळायला मार्ग नाही.

म्हणून तपासणीसाठी पान पाठवणाऱ्या बागायतदाराने एवढं करावं. ताजा ठिपका असलेली पानं सावलीत तोडावीत, कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळावीत, बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत घामेजू देऊ नयेत आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवू नयेत. रविवारी टपालात अडकणार नाहीत अशा बेताने आठवड्याच्या सुरुवातीला पाठवावीत. सोबतच्या चिठ्ठीवर वाण, गाव, तारीख आणि शेवटची फवारणी कधी व कशाची झाली, ते पेन्सिलीने लिहावं. शाई ओलीत पसरते.