खोट्या म्हटलेल्या खड्याविषयी

राधानगरीच्या पठारांवर बॉक्साइट आढळते. ते तांबूस दिसते ते लोहामुळे. त्यातील अॅल्युमिनियमचे ऑक्साइड शुद्ध केले की पांढरीशुभ्र भुकटी उरते. याच ऑक्साइडचा स्फटिक म्हणजे कुरुंद. शुद्ध कुरुंदाला रंग नसतो. मात्र त्यातील शंभर अॅल्युमिनियम अणूंपैकी एखाद्याच्या जागी क्रोमियमचा अणू बसला, की तो प्रकाशातील जांभळा आणि पिवळा-हिरवा भाग शोषून घेतो व कुरुंदाचे माणिक होते. लोह आणि टायटॅनियम यांचा अंश असला तर तोच कुरुंद नीलम होतो. ज्याला आपण अशुद्धी म्हणतो, तिच्यामुळेच रत्नाला नाव मिळते.

कोल्हापुरी साजाच्या एकवीस पानड्यांत एक माणकाची आणि एक पाचेची असते. आईच्या पश्चात तिचा साज आम्हा दोघी बहिणींकडे आला. धाकटीला मुलीच्या शिक्षणासाठी पैशांची निकड होती. गुजरीतील एका सराफाने भिंगातून पाहून सांगितले, "सोनं चोख आहे, माणिक मात्र कारखान्यातलं." धाकटीचा चेहरा उतरला. "म्हणजे आई जन्मभर खोटा खडा ल्याली, ताई?" सोने मोडून फी भरली गेली, पण तिचा प्रश्न माझ्यापाशी राहिला. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवले होते. उत्तर देणे माझ्याकडे होते.

व्हर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम माणकाची कृती १९०२ साली जाहीर केली. अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या भुकटीत किंचित क्रोमियम मिसळून ती प्रखर ज्योतीत वितळवायची. लाल काच ही नक्कल खरी. परंतु या खड्यात द्रव्य तेच, स्फटिकाची रचना तीच आणि रंगाचे कारणही तेच. खाणीतील माणिक महाग असते ते दुर्मिळतेमुळे.

पाचेचा हिरवा रंगही मुख्यतः क्रोमियमचाच, हे त्याहून नवल. हे मूलद्रव्य वोक्लँ यांनी १७९७ साली शोधले. त्याचे नाव 'रंग' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले. पाचेतही क्रोमियमभोवती ऑक्सिजनचे सहाच अणू असतात, पण त्यांचा प्रभाव माणकातल्यापेक्षा सौम्य असतो. म्हणून शोषले जाणारे रंग बदलतात आणि हिरवा शिल्लक राहतो. अणू तोच, शेजार निराळा.

धाकटीला मी एवढेच लिहिले : आईच्या खड्याची किंमत कमी होती, हे सराफाने बरोबर सांगितले. त्याचा रंग मात्र खोटा नव्हता.