मागचा कागद आहे का?

भोसरी एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कामगारांच्या तपासणीला मला स्पायरोमीटरवर, म्हणजे फुंकलेली हवा मोजणाऱ्या यंत्रावर, बसवलं. शिकताना सगळं सरळ होतं: नाकाला चिमटा, नळीभोवती ओठ घट्ट, छाती भरून श्वास, मग जोरात सोडायचा आणि सहा सेकंद सोडतच राहायचा. प्रत्यक्षात मोल्डिंगचे, म्हणजे वाळूचे साचे करणारे, काका गाल फुगवून फुंकत होते, फेटलिंगचा, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करणारा, ओडिशाचा मुलगा दोन सेकंदांत थांबत होता आणि मी 'अजून, अजून, और, और' ओरडत होते. तीनदा नीट फुंकून घ्यायचं आणि सर्वांत चांगल्या दोन आकड्यांत १५० मिलिलिटरहून जास्त फरक नको. तो यायचाच. सांगणं कमी पडलं, फुंकणं कमी पडलं, की छातीतच काही आहे? पडद्यावरच्या रेषेवरून हे ओळखायला मला अजून जमत नाही.

त्याहून गोंधळ आकड्यांचा. जास्त हवा म्हणजे चांगलं फुप्फुस, अशी माझी समजूत. पण उंच माणसाची छाती जास्त हवा घेते, हे लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्येच दाखवलं होतं. श्वासनळ्या आवळल्यात का, हे कळायला त्या हवेतला किती वाटा पहिल्या सेकंदात बाहेर पडतो ते पाहावं लागतं. नळ्या मोकळ्या करणारं औषध ओढूनही तो ७० टक्क्यांखाली राहिला, तर सीओपीडीचा, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचा, संशय. नुसत्या बिडीवर बोट ठेवून चालत नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं होतं, की अंदाजे २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं. म्हणून मी धुळीबरोबर घरच्या चुलीचंही विचारते.

निरोगी माणसाचाही पहिल्या सेकंदाचा आकडा पंचविशीनंतर वर्षाला साधारण २५-३० मिलिलिटरने घटतो. घट त्याहून वेगाने होते आहे का, हे पाहायला जुना आकडा लागतो. काकांचा कुणी ठेवलेलाच नव्हता. इतकी वर्षं वाळूत काढलेल्या माणसाचा!

"ताई, पास ना?" काकांनी विचारलं. आकडे हद्दीत होते, तरी मला उत्तर देता येईना. डॉक्टर म्हणाले, सिलिकोसिसच्या, म्हणजे वाळूच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराच्या, सुरुवातीला फुंकणं अगदी नॉर्मल येऊ शकतं. छातीचा एक्स-रे हवाच. हा आजार बरा करणारं औषध नाही.

"काका, एक्स-रे काढा. आणि हा कागद जपून ठेवा, पुढच्या वर्षी आणा."

"पुढच्या वर्षी ठेकेदार चाकणला पाठवेल."

"मग तिथे दाखवा. तपासणारा कुणीही असो, आधी हा कागद पुढे करा."