तुमची कशी आहे आता?

दुःखात माणसाला एकटं सोडायचं नाही, ही आमच्या जाफराबादची रीत. दहावं होईपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. गल्लीतल्या बायकांनी आळीपाळीनं भाकरी-पिठलं आणलं. महिनाभरानं त्याच बायका रस्त्यात भेटल्या की पावसाचं बोलायच्या, कापसाच्या भावाचं बोलायच्या. लेकीचं नाव निघालं तर ही रडेल, ही त्यांना धास्ती. रडले असते मी. रडले असते तर काय बिघडलं असतं?

ती सात वर्षांची असताना ताप जाईना. पाय दुखतात म्हणायची, कुठं न लागता मांडीवर काळेनिळे डाग उठायचे. जालन्याला रक्त तपासलं आणि डॉक्टरांनी तिथूनच मुंबईचा रस्ता दाखवला. अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच, आणि वेळेत, पुरते उपचार मिळाले तर पुष्कळ मुलं बरी होतात. हे डॉक्टरांनी सांगितलं ते खरंच होतं. आमची त्या बऱ्या होणाऱ्यांत राहिली नाही, एवढंच.

जालन्याहून रात्रीची देवगिरी, सकाळी दादर. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, उपचार परळच्या टाटाला. दोन-अडीच वर्षांचं काम असतं ते. आधी केमो आणि पाठीतली इंजेक्शनं, मग घरी येऊन गोळ्या आणि पुन्हा पुन्हा तपासण्या. धर्मशाळेत बिहारच्या, बंगालच्या आया होत्या. भाषा कळायची नाही, पण रक्ताचा ‘काऊंट’ हा शब्द सगळ्यांना कळायचा. काऊंट पडले की ताप, ताप आला की धावपळ. माझ्या लेकीनं एक दुरेघी वही केली होती. डावीकडं पोरांची नावं, पुढं त्या दिवसाचे काऊंट. सकाळी जिन्यावर बसून ती एकेकाला विचारायची आणि पेन्सिलीनं लिहायची, हजेरी घेतल्यासारखी. कुणाचे वाढले की आकड्याखाली रेघ. एखादं पोर गावी गेलं की त्याच्यापुढं ‘घरी’. त्यातली काही घरी गेली नव्हती, हे आम्ही तिला सांगितलं नव्हतं. तिला कळलं असावं, असं मला आता वाटतं. ती वही माझ्याकडं आहे.

तिचे केस परत आले, कुरळे आले. शाळेत जायला लागली. मग आजार उलटला आणि ती मुंबईतच गेली.

समजूत घालायला आलेल्यांनी गाडगेबाबांचा दाखला दिला. 1923 साली कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना त्यांना मुलगा गोविंदा गेल्याची खबर आली, तरी बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. ज्यांच्या नावाच्या छताखाली माझं लेकरू राहिलं, त्यांना मी रोज हात जोडते. पण तो दाखला आईपुढं ठेवू नये. बाबा संत होते. गोविंदाच्या आईनं ती बातमी ऐकून काय केलं, हे मला कुणी सांगत नाही, आणि माझा जीव तिच्यापाशी अडकतो.

मृत्यूचा दाखला मुंबई महापालिकेचा. तो घेऊन हे तहसीलला गेले, रेशनकार्डावरून नाव कमी करायला. आले ते थेट शेडनेटमध्ये शिरले. आमच्या भागात बियाण्याच्या कंपन्यांसाठी मिरची-टोमॅटोचे प्लॉट असतात. कळी उमलायच्या आत चिमट्यानं तिच्यातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी परागकण लावायचे. नजर हलवता येत नाही असं काम. अंधारून आलं तरी हे बाहेर येईनात. मी शेजारच्या ओळीत जाऊन बसले. आम्ही बोललो नाही. पुरुषानं रडू नये म्हणतात, म्हणून त्यांनी ते कळ्यांवर काढलं असेल. माझं दुःख तोंडावाटे येतं, त्यांचं हातांवाटे. हे समजेपर्यंत मी त्यांना पुष्कळ टाकून बोलले.

धाकट्याला साधी सर्दी झाली तरी रात्री माझा हात त्याच्या कपाळावर जातो. तो झोपेतच माझा हात बाजूला सारतो.

आता तालुक्यात एखाद्या लेकराला असं निघालं की लोक त्यांना आमच्याकडं पाठवतात. मागं टेंभुर्णीकडचं एक जोडपं आलं. मी सगळं सांगत गेले. महात्मा फुले योजनेची कागदपत्रं इथूनच घेऊन जा, पाणी उकळूनच द्या, ताप चढला तर सकाळची वाट बघू नका, मधेच बरं दिसलं म्हणून गोळ्या सोडू नका. बाई मान हलवत होती. मग म्हणाली, “ताई, तुमची कशी आहे आता?”

यांनी माझ्याकडं पाहिलं. खोटं बोलले असते तर तिला त्या रात्री झोप लागली असती. मी म्हणाले, “माझी गेली, बाई. पण तिच्यासंगं उपचार घेतलेली दोघं शाळेत जातात, त्यांच्या आयांचे फोन येतात मला. तुमची पोरगी आज आजारी आहे, उद्याच्या गाडीनं निघा.”

ती माझा हात धरून बराच वेळ रडली. मीही रडले. मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, “नाव काय होतं तिचं?”

मी उठून आतून वही आणली.