सादळलेला वीजपुरवठा

चतुर्थीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं की आमच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काहीतरी हमखास बंद पडलेलं असायचं. आठवडाभर दारं-खिडक्या बंद, बाहेर पाऊस, समुद्र जवळ. पापड सादळतात तशी उपकरणंही सादळतात. एका वर्षी पाळी आली ती डिस्चार्ज ट्यूबच्या 5000 व्होल्टच्या पुरवठ्याची. चालू केला की ट्रिप.

आधी ट्यूब काढून ठेवली. तरी ट्रिप. म्हणजे दोष पेटीच्या आतच. मल्टिमीटर काही सांगेना, आणि सांगणार तरी कसा? त्याच्यात 9 व्होल्टची बॅटरी. हजारो व्होल्टला होणारी गळती तिला दिसतच नाही. मग झाकण काढलं, खोलीतले दिवे बंद केले आणि दोन हात लांब उभं राहून डिमरस्टॅट हळूहळू वर नेला. अर्ध्यावर येतो न येतो तोच तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चुरचुर आवाज, ओझोनचा उग्र वास आणि ट्रान्सफॉर्मरच्या टोकाखाली एक जांभळट रेघ. (दिसते मात्र सुंदर!) बेकेलाइटच्या पट्टीवरची खारट धूळ ओलावा पिऊन वीज वाहू लागली होती.

बंद केलं, प्लग काढला, चहा झाला. पुढच्या मीटरचा काटा शून्यावर. पण तो मीटर प्रायमरीकडे जोडलेला, त्याला आतलं काय ठाऊक! प्रयोगशाळेतले काका कुणालाही तसा हात घालू देत नसत. "सर, मात्शें रावात," म्हणत त्यांनी भिंतीवरची अर्थिंगची काठी आणली आणि कपॅसिटरला टेकवली. फाट्‌! फटाकाच जणू.

हे व्हायला नको होतं. 2 मायक्रोफॅरडच्या त्या कपॅसिटरवर 10 मेगओहमचा ब्लीडर होता. त्या हिशेबाने 100 सेकंदांत व्होल्टेज एक टक्क्याच्या खाली यायला हवं. ब्लीडर म्हणजे एकेक मेगओहमच्या दहा रेझिस्टरांची माळ. त्यातला एक तुटला होता, आणि एक तुटला की सगळी माळ निकामी. पट्टीवरची गळती डायोडच्या अलीकडची, त्यामुळे कपॅसिटरला तिकडूनही वाट नव्हती. पूर्ण 5000 व्होल्टवर त्यात 25 जूल साठतात. एवढे जिवावर बेतू शकतात.

मला विचाराल तर ट्रिप होणारा दोष बरा, तो बोंबलतो तरी. हा ब्लीडर कधीपासून मेला होता कोण जाणे. त्याच्यावाचून प्रयोग मात्र व्यवस्थित चालले होते.

पट्टी स्पिरिटने पुसून भागण्यासारखं नव्हतं. तिच्यावर झाडाच्या फांदीसारखी काळी रेघ उमटली होती. जळून कार्बन झाला, की कोरड्या हवेतही तो वीज वाहतोच. पट्टी बदलली, मेगरने 1000 व्होल्टला तपासली. ब्लीडरच्या मात्र एकाऐवजी दोन स्वतंत्र माळा जोडल्या. काकांनी दोन्हींचं सोल्डरिंग स्वतः ओढून पाहिलं, मगच झाकण लावू दिलं.