भोपाळचे काळतोंडे शेजारी

तांबड्या तोंडाचे ते माकड आणि काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर, हा भेद आपल्या खेड्यांतील पोरासोरांनाही ठाऊक असतो. आम्ही राहतो त्या भोपाळ शहरी या काळतोंड्या वानरांचा शेजार फार. छपरे, गच्च्या, बागा सर्वत्र त्यांचा मुक्त संचार.

त्यांचे खरे रूप पाहावयाचे तर मोठ्या तलावाकाठच्या वनविहारात जावे. 1983 साली हे राष्ट्रीय उद्यान झाले. तेथे वानरे झाडावर बसून कोवळा पाला खुडतात, थोडा खातात, पुष्कळसा खाली सांडतात. आणि खाली चितळांची पंगत बसलेली असते! रानात वाघ-बिबळ्याची चाहूल लागताच वरून वानर खाकरते व चितळे सावध होतात. असा हा उभयतांचा जुना घरोबा.

वानराचे पोटही नवलाचे. गाईच्या पोटाप्रमाणे त्यास कप्पे असतात व त्यांत पाला आंबून पचतो. माकड गालांच्या पिशव्यांत दाणे साठविते; वानरास तशी पिशवीच नाही. अशा प्राण्यास लोक मारुतीचे म्हणून पोळ्या, चणे, मिठाई चारतात. त्यांचा भाव खोटा नाही, हे आम्ही मानतो. परंतु त्या पोटास हे अन्न मानवत नाही. आणि आज हातातून मिळाले की उद्या ते हातातून हिसकावले जाते.

दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळ बबून नावाची मोठी माकडे समुद्रकाठच्या वस्तीत राहतात. तेथे त्यांना खाऊ घालणे कायद्याने मना आहे. तरी प्रवाशांच्या मोटारींतील खाऊला चटावलेला ‘फ्रेड’ नावाचा एक नर मोटारी उघडून माणसांवर धावून जाऊ लागला. अखेर 2011 साली त्यास ठार करावे लागले. चारणारे केव्हाच आपापल्या घरी गेले होते.

आपल्या कोकणातील शेतकऱ्याची गोष्ट निराळी. त्याने कोणास चारले नाही. तरीही माकडे व वानरे त्याच्या नारळी-केळीवर तुटून पडतात. त्यास दयेचा उपदेश करणे आम्हांस तरी जमणार नाही. त्यास नुकसानभरपाई वेळेवर मिळावी, हेच न्यायाचे.

आमच्या आळीतील एका वृद्ध बाईंनी मात्र चण्यांची मूठ बंद केली व पापड जाळीखाली वाळत घालावयास आरंभ केला. प्रथम वानरांनी बराच दंगा केला. हल्ली ती येतात, चिंचेचा पाला ओरबाडतात आणि ऊन चढले की तलावाकडे निघून जातात.