वेंट आणि गॉन

मी इयत्ता चौथीत शिकतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे, त्यामुळे आम्हाला ती नवी नाही. आता गुरुजी भूतकाळ शिकवत आहेत.

मराठीत तो गेला, ती गेली, ते गेले, किती बदलावं लागतं! इंग्रजीत सगळ्यांना एकच वेंट. बैल वेंट, गायपण वेंट. पण इंग्रजी खोडकर आहे. वॉकचं वॉक्ड, जम्पचं जम्प्ड, मग गोचं वेंट का? गुरुजी म्हणाले, वेंट हे मुळात वेंड नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचं रूप. गोने ते उचलून आपलं केलं. डिड आला की मात्र वेंटचा परत गो होतो. आय डिड नॉट गो. आणि कट तर बदलतच नाही. आज तोडा, काल तोडला, कटच. माझे बाबा ऊस तोडतात, म्हणून तो मला आधी पाठ झाला.

दिवाळी झाल्यावर आई-बाबा सांगली जिल्ह्यात तोडीला गेले. मुकादमाची उचल घेतली होती. धाकटी बहीण त्यांच्याबरोबर कोपीत आहे. माझी शाळा बुडू नये म्हणून मी आजीजवळ राहिलो. मी वहीत लिहिलं, माय पेरेंट्स वेंट टू सांगली आफ्टर दिवाळी. गुरुजींनी बरोबर अशी खूण केली आणि खाली अजून एक वाक्य लिहिलं, माय पेरेंट्स हॅव गॉन टू सांगली. वेंटवरून केव्हा गेले ते कळतं, पण परत आले का ते कळत नाही. हॅव गॉन म्हणजे गेले आहेत, अजून तिकडेच आहेत. केव्हा ते सांगायचं असेल तर वेंटच पाहिजे.

आजीला हे सांगितलं. ती म्हणाली, "आपल्यात निघताना जातो म्हणत न्हाईत बाळा, येतो म्हणत्यात." खरंच, ट्रॅक्टरवर बसताना आई येते म्हणाली होती. इंग्रजीत तसं म्हणतात का, हे गुरुजींना विचारायचं आहे.

वर्गातल्या आणखी सहा जणांचे आईवडील तोडीला आहेत. आम्ही सर्वांनी वहीच्या शेवटच्या पानावर हॅव गॉनचं वाक्य लिहिलं आहे. कारखाना बंद होऊन ज्याचे घरी येतील, त्याने ते खोडायचं आणि वेंट अँड केम बॅक लिहायचं. अजून कोणाचंच खोडलेलं नाही.